गच्चीवर पाणी साचतंय? वॉटरप्रूफिंगचा डबा उघडण्याआधी हे तपासा

पाऊस थांबून दोन दिवस झाले, मधे चांगलं ऊनही पडून गेलं, तरी गच्चीच्या कोपऱ्यात सतरंजीएवढं पाणी तसंच उभं आहे आणि दर वर्षी त्याच जागी असतं. ही तक्रार ओळखीची वाटत असेल तर आधी लक्षणं नीट बघू. पाणी कसं साचतं हे कळलं की निम्मं निदान तिथेच होतं.

लक्षणं

विजा चमकत नसतील अशा वेळी, भर पावसात, छत्री घेऊन जिन्याच्या दारात दहा मिनिटं उभे राहा.

पाऊस जोरात असताना गच्चीवर घोटाभर पाणी चढतं आणि पाऊस ओसरल्यावर तासा-दोन तासांत आपसूक उतरतं, तर गच्चीवरचं पाणी खाली नेणारा पाइप अर्धा तुंबलाय किंवा मुळातच लहान आहे. पाणी चढतं पण उतरतच नाही, तर पाइप पूर्ण बंद आहे. बाकी गच्ची सुकते आणि एकाच ठरावीक जागी डबकं राहतं, तर तिथला ढाळ बिघडलाय. डबकं पाइपाच्या तोंडाभोवतीच असेल, पाणी तोंडाशी येऊन अडल्यासारखं थांबत असेल, तर तोंड भोवतालच्या भागापेक्षा उंच राहिलंय. मार्च-एप्रिलमध्येही एखादी जागा ओली दिसत असेल तर पावसाचा संबंध नाही, टाकीकडे बघा. आणि डबकं खालच्या खोलीच्या बरोबर मध्यावर येत असेल, वर्षागणिक पसरत असेल, तर मधलं सगळं सोडून सरळ शेवटच्या भागाकडे जा.

गच्ची कोरडी असतानाही डबक्याची जागा सापडते. पाणी आटल्यावर तिथे बारीक मातीचा पापुद्रा राहतो आणि कडेने हिरवट-काळी रेघ उमटते. आमच्याकडे एप्रिलात कुरडया वाळत घालायच्या आधी आई गच्ची झाडते, तेव्हा मी मुद्दाम वर जाते. त्या रेघा तेव्हा सगळ्यात स्पष्ट दिसतात.

खालच्या खोलीचं छतही बघा. रंग फुगलाय का, पोपडे सुटलेत का, पिवळसर वर्तुळ किंवा पांढरा खार दिसतोय का, हे लिहून ठेवा.

एक मात्र खरं, की पापडाच्या जाडीचा पाण्याचा थर दिवसभराच्या उन्हात उडून जात असेल तर त्याच्या मागे लागू नका. बांधकामातली लोकं पाऊस थांबल्यानंतर ४८ तासांनी जे उरतं त्याला साचलेलं पाणी म्हणतात. आपल्याकडे श्रावणात हवाच इतकी दमट असते की पाणी उडायचं नाव घेत नाही. म्हणून मी मधे थोडंतरी ऊन पडलेले ४८ तास धरते.

हे मी का लिहितेय

आमचं साताऱ्याचं घर १९९४ सालचं आहे. वडिलांनी ते कर्ज काढून, एकेक खोली वाढवत बांधलं. गेली पंधरा-सोळा वर्षं त्या गच्चीचं मीच बघते. नंतर बहिणीच्या चिपळूणच्या घराची, मग मामांच्या आणि दोन शेजाऱ्यांच्या गच्चीची हीच तक्रार सोडवली. मी इंजिनिअर नाही. पण तोच बिघाड इतक्या वेळा पाहिलाय की लोक कुठे चुकतात ते पाठ झालंय, कारण आधी मीही तिथेच चुकले होते.

२००९ साली डबकं दिसलं म्हणून मी दुकानातून अ‍ॅक्रिलिक कोटिंगचे दोन डबे आणले. गच्ची धुतली, दोन हात मारले. पुढच्या गणपतीत बघितलं तर डबक्याच्या जागी ते पांढरं आवरण दुधावरची साय निघावी तसं बोटाने उचलून येत होतं आणि त्याच्याखाली पाणी होतं. बाकीच्या गच्चीवर ते शाबूत होतं. दोष डब्याचा नव्हता. बहुतेक अ‍ॅक्रिलिक कोटिंग पाऊस अंगावर झेलायला बनवलेली असतात, दिवसचे दिवस पाण्याखाली राहायला नाही. शिवाय कोणतंही कोटिंग ढाळ बदलत नाही. खड्डा होता तिथेच राहिला, फक्त रंगवलेला झाला.

पाणी साचणं आणि पाणी गळणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. साचणं निचऱ्याने सुटतं, गळणं वॉटरप्रूफिंगने. क्रम उलटा केला तर पैसे पाण्यात जातात. आधी पाण्याला जाऊ द्या, मग जे राहील त्याला अडवा.

दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नाही. एक चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. जाण्यायेण्याच्या गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो वापरभार धरलेला आहे. घोटाभर पाण्यातच त्यातला मोठा वाटा संपतो, वर टाकी, कुंड्या आणि माणसं वेगळी. डेंग्यूचा डासही अशाच स्वच्छ, उथळ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नगरपालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो एवढ्यासाठीच. आणि शेवाळ. २०१३ च्या ऑगस्टमध्ये आई कपडे काढायला वर गेली आणि त्याच डबक्याच्या कडेला घसरली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. त्यानंतर मी ही गोष्ट पुढच्या वर्षावर ढकलणं बंद केलं.

पहिली तपासणी: खराटा आणि जाळी

याला खर्च शून्य आणि वेळ अर्धा तास लागतो. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गच्च्या इथेच मोकळ्या होतात.

पाइपाच्या तोंडावरची जाळी बघा. बदामाचं एक पान किंवा दुधाची एक रिकामी पिशवी सपाट जाळी पूर्ण झाकू शकते, कारण पाण्याचा दाबच तिला जाळीवर घट्ट चिकटवून ठेवतो. कबुतराची पिसं, कुंडीतली माती, पतंगाचा मांजा, दिवाळीतल्या फटाक्यांचा लगदा असं सगळं मी तिथून काढलंय. हात घालताना रबरी हातमोजे घाला, काच आणि तार सापडते.

आता एक कळकळीची विनंती. पाणी लवकर जावं म्हणून जाळी काढून ठेवू नका. त्या दिवशी पाणी धबधबा जातं, बरं वाटतं. पण मग पानं पाइपात उतरतात आणि खालच्या बेंडमध्ये, म्हणजे पाइपाच्या वळणात, जाऊन दडपून बसतात. वरचा कचरा हाताने निघतो, आतल्यासाठी पाइप उघडावा लागतो. सपाट जाळीऐवजी घुमटाच्या आकाराची जाळी बसवा. कचरा तिच्या पायथ्याशी जमतो आणि पाणी वरच्या भोकांतून जात राहतं. ती मिळेपर्यंत भाजीची प्लॅस्टिकची टोपली तोंडावर उलटी घालून वर वीट ठेवा. मामांच्या घरी अशी टोपली तीन पावसाळे टिकली.

शेवाळ नारळाच्या ब्रशने आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने काढा. अ‍ॅसिड वापरू नका. ते सिमेंट खातं, आणि ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

दुसरी: बादलीची परीक्षा

जाळी साफ आहे, तरी पाणी संथ जातं? एक जण खाली पाइपाच्या शेवटाशी उभा करा. वरून तोंडात भरलेली बादली एकदम ओता. पाइप मोकळा असेल तर क्षणात खाली धार पडते आणि बादली रिकामी होताच थांबते. धार बारीक येते आणि बराच वेळ ठिबकत राहते, तर आत अडथळा आहे. वर गुडगुड करत बुडबुडे येत असतील तर बेंड जवळजवळ बंदच समजा.

साफ करताना सुरुवात खालून करा. वरून काठी किंवा लोखंडी सळई ढोसली की कचरा बेंडमध्ये आणखी घट्ट बसतो, आणि जुना पाइप असेल तर फुटतोही. खालचं बेंड सोडवा किंवा झाकण असेल तर ते उघडा. मात्र पाइप तुंबलेला आणि पाण्याने भरलेला असेल तर बाजूला उभं राहून उघडा. दहा फूट उंचीच्या चार इंची पाइपात साधारण २४ लिटर पाणी असतं, ते एका दमात अंगावर येतं. मग बांबूची लवचिक कामटी किंवा प्लंबरची स्प्रिंग खालून वर सरकवा आणि वरून पाणी सोडत राहा.

पाइप जमिनीखाली चेंबरला जोडलेला असेल तर चेंबरचं झाकण उघडून बघा. मामांच्या घरी पाइप काचेसारखा स्वच्छ होता. चेंबर मात्र पाइपाच्या तोंडापर्यंत गाळाने भरला होता. दोन वर्षं ते गच्चीवर दोष शोधत होते आणि बिघाड अंगणात होता.

शिडीवर चढून दुमजली पाइप सोडवायचा असेल, तर तिथे थांबा आणि प्लंबर बोलवा. त्याचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तिसरी: वाटेत काय उभं आहे?

पाण्याच्या वाटेत आडवं काय आलंय ते बघा. सोलर हीटरच्या स्टँडखाली घातलेले काँक्रीटचे ठोकळे, टाकीखालच्या विटांची ओळ, डिशचा पाया, ओळीने मांडलेल्या कुंड्या. शेजाऱ्यांकडे सोलर बसवणाऱ्याने चार पाय एका लांब काँक्रीटच्या पट्टीवर घेतले होते, ढाळाला नेमके आडवे. गच्चीवर छोटा बंधारा झाला होता. त्या पट्टीत, पायांना धक्का न लावता, दोन ठिकाणी दोन इंच रुंद खाचा पाडल्या आणि पाणी निघालं. कुंड्या तीन-चार इंच उंच स्टँडवर घ्या, म्हणजे खालून खराटाही फिरतो.

टाकीची परीक्षा सोपी आहे. दोन दिवस सकाळी टाकी भरताना बॉलकॉक पाणी वेळेवर बंद करतो का आणि ओव्हरफ्लोचं पाणी कुठे पडतं, ते पाहा. ते पाणी नळीने थेट पाइपाच्या तोंडाशी नेऊन सोडा.

चौथी: तोंडच उंच आहे का?

हा बिघाड लोकांच्या डोळ्यांपुढे असून दिसत नाही. जुन्या गच्चीवर गळती थांबवण्यासाठी एकदा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) होतो, दहा वर्षांनी त्यावर चायना चिप्स (टाइल्सच्या तुकड्यांचा थर) होतात, पुढे आणखी एक थर. प्रत्येक वेळी गवंडी पाइपाच्या तोंडाजवळ माल लावताना हात वर उचलतो, नाहीतर पाइपाचा काठच अर्धा इंच वर राहतो. पाण्याला त्या काठावरून उडी मारता येत नाही.

लोखंडी फूटपट्टी तोंडाच्या काठावर आडवी ठेवा, वर पाणसळ (स्पिरिट लेव्हल) धरा. पट्टीच्या दुसऱ्या टोकाखाली फट दिसली, म्हणजे भोवतालचा भाग खाली आहे. फट जेवढी, तेवढं पाणी तिथे कायम राहणार.

आमच्या घरी ही फट १२ मिलिमीटर निघाली. गवंडीमामांनी तोंडाभोवती फूट-सव्वाफूट गोल आखला आणि हलक्या हाताने छिन्नी चालवली. त्यांनी मला बाजूला बसवून दाखवलं, "ताई, भुकटी बघत राहायची." आधी वरचा करडा सिमेंटचा थर निघाला. मग विटांच्या तुकड्यांची लाल भुकटी यायला लागली, म्हणजे कोबा. लाल भुकटी संपून पुन्हा करडी आली, छिन्नी टणकन उडायला लागली आणि खडी दिसली, तर तो स्लॅब आहे. तिथे हात थांबलाच पाहिजे. आम्ही लाल भुकटीतच थांबलो. पाइपाचा काठ खाली कापून घेतला, भोवती ताटासारखा खोलगट उतार दिला, पाइप आणि कोबा यांच्यातला सांधा नीट भरून घेतला. दोन दिवसांचं काम होतं. त्या तोंडाशी नंतर पाणी थांबलेलं नाही.

हे काम गवंड्याकडूनच करून घ्या. पाइपाचा सांधा हलला तर साचण्याची तक्रार जाऊन गळण्याची सुरू होते.

पाचवी: ढाळ मोजा

इथे घाई केली की पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गच्चीला साधारण १०० ला १ असा ढाळ लागतो. म्हणजे दर दहा फुटाला सव्वा इंच. डोळ्याला तो दिसत नाही, आणि "चांगला उतार दिलाय" हे कोणाच्याही तोंडचं वाक्य मोजल्याशिवाय मानू नका.

हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक लेव्हल ट्यूब आणा, शे-दोनशे रुपयांत मिळते. ती पाण्याने भरा आणि आतला बुडबुडा न् बुडबुडा काढा, एक राहिला तरी माप खोटं येतं. दोघे जण दोन टोकं धरा. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभं राहतं, याचाच उपयोग करायचा. एक टोक पाइपाच्या तोंडाशी धरा आणि पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा ४० सेंटिमीटर आलं. दुसरं टोक दूरच्या कोपऱ्यात न्या, पाणी स्थिर होऊ द्या, तिथे मोजा. दर वेळी तोंडाशीही पुन्हा मोजा, कारण नळी हलली की पातळी सरकते. कोपऱ्यात ३४ आलं, तर कोपरा तोंडापेक्षा ६ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे उत्तम. मधल्या डबक्यात ४०.५ आलं, तर तो भाग तोंडाच्याही अर्धा सेंटिमीटर खाली आहे आणि तिथलं पाणी पाइपाकडे कधीच जाणार नाही, पाइप कितीही साफ करा.

कागदावर गच्चीचा चौकोन काढा आणि दर चार-पाच फुटावर हे आकडे लिहा. पुढच्या पावसानंतर डबक्याच्या कडेने खडूने रेघ मारा आणि सगळ्यात खोल जागी फूटपट्टी उभी करून खोली लिहा. हा कागद हातात असला की गवंडी, ठेकेदार, इंजिनिअर कोणीही आलं तरी बोलणं अंदाजावर होत नाही.

सहावी: पाइप पुरेसे आहेत का?

तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर चार इंची एक पाइप साधारण ४० चौरस मीटर गच्चीला पुरतो, तीन इंची त्याच्या निम्म्याला. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. तिला चार इंची किमान दोन, खरं तर तीन पाइप हवेत. जुन्या घरांना बहुतेक वेळा तीन इंची एक-दोनच असतात. रोजच्या रिमझिमीत ते जाणवत नाही, पण वळवाच्या किंवा ढगफुटीसारख्या सरीत गच्ची भरते.

पाइप वाढवायचे तर कठड्याच्या भिंतीतून बाहेर काढता येतात. भोक कोअर कटरने (गोल भोक कापणाऱ्या यंत्राने) पाडा, हातोड्याने नाही, आणि बीमला किंवा स्लॅबला हात लावू नका.

त्याच वेळी एक गोष्ट नक्की करून घ्या. कठड्यात, गच्चीच्या पातळीपासून दोन-तीन इंच वर, दोन इंची एक आडवी नळी बाहेर काढा. ही जादा पाण्याची वाट. एरवी ती कोरडीच राहते. पाइप तुंबला की तिच्यातून धार पडते, तुम्हाला खालूनच कळतं आणि पाणी चढत जात नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तोंड बंद असलेल्या गच्चीवर ते तीन फूट पाणी होतं, चौरस मीटरला ९४४ किलो. कठडा जेवढा उंच तेवढा हा धोका मोठा.

सातवी: खड्डा भरणं

मोजमापावरून खड्डा लहान निघाला, सतरंजीएवढा आणि दोन सेंटिमीटरच्या आत, तर तेवढाच भरता येतो. पण नुसता सिमेंट-वाळूचा माल ओतू नका. मधे तो जाड राहतो, कडेला पापडासारखा पातळ होतो, आणि पहिल्या उन्हाळ्यात ती पातळ कड सुटून वळते. मग पाणी तिच्याखाली शिरतं.

खड्ड्याच्या कडेने ग्राइंडरने ८-१० मिलिमीटर खोल सरळ खाच मारा, म्हणजे मालाला उभी कड मिळते. आत छिन्नीने टाचे मारून पृष्ठभाग खडबडीत करा, धूळ धुऊन काढा. लेटेक्स (माल घट्ट धरण्यासाठी सिमेंटमध्ये घालायचं दुधाळ द्रव) मिसळलेल्या सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, ब्रशने लावा आणि ती ओली असतानाच लेटेक्सचाच माल भरा. प्रमाण डब्यावर लिहिलेलं पाळा. थापीने घोटताना ढाळ पाइपाकडे जातोय ना, ते पट्टीने बघत राहा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी भरा आणि पुढे ओलं पोतं टाकून ठेवा. दिवाळीनंतर ते मेपर्यंत हे काम होतं. भर पावसात करू नका, धरत नाही.

खड्डे तीन-चारच्या वर असतील, किंवा आकड्यांच्या कागदावर ढाळच उलटा दिसत असेल, तर थिगळं लावण्यात अर्थ नाही. जुना कोबा काढून नवा करावा लागतो. इथे ठेकेदार म्हणतात, "काढायला कशाला खर्च, वरूनच घालू." कृपा करून हे ऐकू नका. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं. तीस फुटांच्या गच्चीला ढाळ देताना दूरच्या टोकाला तो आणखी साडेतीन इंच जाड होतो. एवढं ओझं दुसऱ्यांदा चढवायची तयारी त्या स्लॅबची आहे का, हे इंजिनिअरने हिशोब करून सांगायचं असतं, ठेकेदाराने किंवा मी नाही.

नवा कोबा झाला की कठड्याच्या मुळाशी गोल वाटा मारून (भिंत आणि गच्ची यांचा कोपरा मालाने गोलसर करून) घ्या आणि पैसे पूर्ण देण्याआधी दोन परीक्षा करा. पाणी अडवून दोन दिवस ठेवा, खाली गळत नाही ना ते पाहा. मग तोंड उघडा आणि तासाभराने किती उरतंय ते पाहा. पहिली परीक्षा सगळे करतात, दुसरी कोणी करत नाही.

पावसाळा चालू आहे, आत्ता काय करू?

आत्ता फक्त पाणी काढा. वायपर आहेच. डबकं दोन-तीन इंच खोल असेल तर बागेची नळी पाण्यात पूर्ण बुडवून भरा, एका टोकावर अंगठा दाबून ते कठड्यावरून खाली सोडा, दुसरं टोक पाण्यातच राहू द्या. खालचं टोक गच्चीच्या पातळीपेक्षा बरंच खाली गेलं आणि अंगठा काढला की पाणी आपलं आपण उतरतं, मोटर लागत नाही. नळीच्या आतल्या तोंडाला जुन्या सुती कापडाचा तुकडा बांधा, गाळ अडतो.

बहिणीच्या चिपळूणच्या घरी, कोकणात बऱ्याच ठिकाणी करतात तशी, शेवटी स्लॅबवर पत्र्याची शेड घातली. तिथल्या पावसाला तो चांगला उपाय आहे. पण नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत आधी विचारा, खांबांचे बोल्ट स्लॅबमध्ये मारू देऊ नका, आणि पत्र्याच्या पन्हळीचं पाणी थेट खाली न्या. तिच्याकडे पहिल्या वर्षी पन्हळ गच्चीवरच सोडली होती.

इथे थांबा

पुढीलपैकी काहीही दिसलं तर खराटा, छिन्नी, लेव्हल ट्यूब सगळं खाली ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. वॉटरप्रूफिंगवाल्याला आत्ता नको, तो नंतर.

खालच्या छताचा गिलावा पडतोय, आतली सळई दिसतेय किंवा छतावर तांबूस ओघळ आहेत. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं, वरून काहीही लावलं तरी ते थांबत नाही. छताला बीमच्या दिशेने किंवा मध्यावरून चीर गेलीय आणि ती वाढतेय. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, महिन्याने बघा. चीर रेघेच्या पुढे गेली असेल तर वाट बघू नका. खोलीच्या मध्यावर डबकं आहे आणि छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली की मधे छत दोरीकडे झुकलेलं दिसतं. बाल्कनी किंवा सज्जावरच्या भागात पाणी साचतंय आणि तो भाग पुढे झुकलाय. गच्चीवर चालताना कंप जाणवतो. यातलं काही असेल तर त्या खोलीत झोपणं आजपासून बंद करा आणि गच्चीवरची टाकी रिकामी ठेवा. साचलेलं पाणी कठड्यावरून नळी खाली सोडून काढता आलं तर काढा, पण गच्चीच्या मध्यावर पाच-सहा माणसं उभी करू नका.

सोलरच्या किंवा लाइटच्या वायर पाण्यात असतील, तर मेन स्विच बंद केल्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नका आणि आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

सोसायटीत राहत असाल तर गच्ची सामायिक आहे. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या माणसाने स्वतःच्या खिशातून डबे आणण्याऐवजी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्यावा. इमारत १५ वर्षांची झाली असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, ते शेवटचं कधी झालं हेही त्याच अर्जात विचारा.

इंजिनिअर येतील तेव्हा त्यांच्या हातात तीन गोष्टी द्या. आकड्यांचा तो कागद, डबक्यात फूटपट्टी उभी करून काढलेले तारखेसह फोटो, आणि गच्चीवर आजवर कोणत्या साली कोणता थर चढला याची यादी. तिसरी गोष्ट घरातल्या मोठ्या माणसांनाच आठवते. आमच्याकडे १९९४ चा मूळ कोबा आणि २००१ च्या चायना चिप्स मला माहीत होत्या. मधे १९९८ ला दीड इंचाचा आणखी एक थर पडला होता, तो आईने सांगितला.